माळ्यावरून ओ द्यायची नाही

"गाठ जरा ढिली कर गो," मामा म्हणाले.

"ढिलीच आसा, मामांनू."

"खंय ढिली? श्वास अडाकता माझो."

मी त्यांच्या पाठीमागे गुडघ्यांवर बसले होते. खाली दोन पुरुष खोल जमीन, वर ऐनाची पानं, आणि मध्ये कळकांच्या तट्ट्यावर आम्ही दोघं, सासरा आणि सून. त्यांच्या कमरेच्या दोरात मी माझी चार बोटं घालून दाखवली. "ह्या बगा. आख्खो हात जाता."

"तुझो हात बारीक. तेचा काय सांगतंस?"

मला हसू आलं आणि रागही आला. गेले कितीतरी दिवस हेच चाललं होतं. माळ्यावर चढेपर्यंत मामा अगदी शहाण्यासारखे वागत आणि दोर बांधायची वेळ आली की लहान मुलासारखे हट्टाला पेटत. कधी दोर टोचतो, कधी पोटात वारा धरलाय, कधी आज बांधूच नको, थोडाच वेळ बसायचंय.  दोर त्यांना हवा तेवढा सैल सोडत असे, गाठ मात्र माझ्या मनासारखी मारत असे. माझे वडील खाडीवर तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, चालवायचे. होडीची गाठ कशी असते हे मला शाळेच्या आधी कळलं होतं. ती कितीही ओढली तरी आवळत नाही, सरकत नाही, आणि सोडायची कशी हे माहीत नसलं तर नुसती बोटं दुखतात. मामा शेतकरी माणूस. त्यांना बैलाच्या दाव्याची गाठ ठाऊक, ही नव्हती.

"आता तू फीर," ते म्हणाले.

मी पाठ केली. माझ्या कमरेला दोर बांधताना मात्र त्यांना घाई नसे. बुंध्याभोवतीचा वेढा ओढून बघायचे, माझ्या पाठीशी मारलेली गाठ ओढून बघायचे, मग पुन्हा बुंध्याचा वेढा. एकदा मी म्हटलं, "मामांनू, माका टोचता." तर म्हणाले, "टोचांदे. पडण्यापरास बरा."

आमच्याकडे मचाणाला माळा म्हणतात. मामांचा माळा वरच्या कुणग्याच्या, म्हणजे भाताच्या तुकड्याच्या, कडेला होता, जिथे भातशेती संपून रान सुरू होतं. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळं व्हायला लागलं की संध्याकाळी रानडुकरं उतरायची. खातात ते थोडं, लोळून नासवतात ते जास्त. त्यासाठी मामांकडे परवान्याची एकनळी बंदूक होती, आणि ऐन तारुण्यापासून त्या पंचक्रोशीत माळ्यावरची पारध म्हणजे सगुण गावडे असंच समीकरण होतं. डुक्कर पडलं की वाटे घरोघर जायचे. पण लोक मामांचं नाव घ्यायचे ते नेमासाठी नव्हे. इतकी वर्षं माळ्यावर बसून त्यांच्या सोबतच्या माणसाला कधी साधं खरचटलं नव्हतं, यासाठी घ्यायचे.

त्यांचे नियम होतेच तसे. जांभळावर माळा बांधायचा नाही, जांभळाची फांदी आतून कधी दगा देईल सांगता येत नाही. कळक दरवर्षी नवे. चढताना हात मोकळे हवेत, बंदूक खालीच ठेवायची आणि माणूस वर पोचून बांधला गेला की मग तिला दोरीने वर ओढायची, रिकामी, नळी जमिनीकडे. वर बिडी नाही. माळ्यावर एकट्याने बसायचं नाही, कारण स्वतःची गाठ स्वतः बांधायची नसते. ती दुसऱ्याने बांधायची आणि पाठीमागे बांधायची.

हे शेवटचं मला आधी विचित्र वाटलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी सासूबाईंना विचारलं, तेव्हा त्यांनी चकव्याचं सांगितलं.

जमिनीवरच्या माणसाला चकवा वाट चुकवतो, हे कोकणात सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण माळ्यावर बसलेल्या माणसाला तो वेगळ्या तऱ्हेने गाठतो. दिवस मावळला, डोळ्यांवर झापड आली, की तो आपल्याच माणसाच्या आवाजात हाक मारतो. माणूस ओ देतो आणि झोपेतच उठून चालायला लागतो. माळ्यावर चालायला जागा ती केवढी. वाडीतल्या लवू परबांचा थोरला भाऊ असाच गेला होता. उशाला घोंगडी तशीच होती, विझलेली झावळ्यांची चूड तशीच होती, आणि तो खाली मेरेवर, शेताच्या बांधावर, पडला होता. स्वतःच्या हाताने पुढे बांधलेली गाठ त्याने स्वतःच्याच हाताने सोडली होती. तेव्हापासून मामांनी गाठ पाठीमागे नेली. आणि आणखी एक नियम केला: माळ्यावरून कुणाच्याही हाकेला ओ द्यायची नाही. उतरायची वेळ झाली की घरून कुणीतरी कंदील घेऊन यायचं आणि कोयत्याची मूठ ऐनाच्या बुंध्यावर ठोकायची. चकव्याला आवाज काढता येतो, लाकूड ठोकता येत नाही, असं मामांचं म्हणणं.

त्या वर्षी श्रावणात सासूबाई गेल्या. चार दिवसांचा ताप, बस. माझे यजमान मुंबईला गिरणीत होते. ते आले, दिवसकार्य झालं, रजा संपली आणि निघाले. निघताना एस.टी.च्या पायरीवर उभं राहून मला म्हणाले, "बाबांका जप." त्यांना आणखी काही बोलायचं होतं, पण कंडक्टरने घंटी मारली.

मामा जपण्यासारखं काही करतच नव्हते. वेळेवर उठायचे, पेज प्यायचे, गुरं सोडायचे. रडले नाहीत. सासूबाईंचं नावही काढत नव्हते. मला वाटायचं, पुरुष माणूस, असेल त्यांची तऱ्हा. मग नवरात्र बसलं आणि ते म्हणाले, आजपासून माळ्यावर जाणार. त्यांचे नेहमीचे जोडीदार लवू परब हिवतापाने अंथरुणाला खिळले होते. मामा म्हणाले, मग एकटाच बसेन.

 ज्या माणसाने गावाला एकट्याने बसू दिलं नाही तो आता एकटा बसतो म्हणतोय. मी भाकरी थापत होते, हात तसाच पिठाचा, उठले आणि म्हटलं, "मी येतंय."

"तू? बायलमनीस माळ्यार?"

"गाठ कोण बांधतला तुमची?"

त्यांनी माळ्याचा दोर काढून माझ्यापुढे ठेवला. नदीवर मात्र बायकांना चांगला विषय मिळाला. "सासऱ्याक राखतंस काय डुकरांक गो?" म्हणून विचारायच्या. मी म्हणायचे, जो आधी पळेल त्याला. घरी कुणी उरलं नव्हतं, म्हणून उतरायच्या वेळी ठोके मारायला शेजारचा धाकू येत असे.

त्या संध्याकाळी आम्ही असेच बसलो होतो. कोजागिरी दोन दिवसांवर होती, त्यामुळे ऊन पुरतं उतरायच्या आधीच पूर्वेला चंद्र दिसत होता, ताकासारखा पातळ. मग ऊन कधी संपलं आणि चांदणं कधी सुरू झालं हे मला रोज शोधूनही सापडायचं नाही. भाताचा वास वर येत होता. पिकत्या भाताचा तो वास तुम्ही कधी घेतलात की नाही मला माहीत नाही, पण त्यात दुधाचा, चिखलाचा आणि थोडासा धुराचाही वास असतो आणि त्याने डोळे जड होतात. ओढ्यावरून धुकं उठून कुणग्यांत शिरत होतं. एकेक मेर बुडत होती. माळ्यावर पेंढा घातलेला, पाठीला बुंधा, कमरेला दोर. खरं सांगायचं तर त्या माळ्यावर मला जितकं सुख लागलं तितकं त्या घरात कधी लागलं नव्हतं. घरात सासूबाईंची रिकामी जागा पायात येत होती. इथे वर काहीच पायात येत नव्हतं.

मामांनी बंदूक मांडीवर आडवी घेतली. ती भरायचे तेव्हा ते माझ्याकडे पाठ करून बसायचे आणि मीही तिकडे बघत नसे. मला बंदुकीचं भारी भय होतं.

बऱ्याच वेळाने ते हळू आवाजात म्हणाले, "आज वारो बरो आसा."

"परवा पण बरो होतो," मी म्हटलं. "तरी तुमी बार काढूक नाय."

परवा डुकरं आली होती. एक मादी आणि तिच्यामागे पट्ट्यापट्ट्यांची पिल्लं, अगदी आमच्या पायांखालून गेली. मी श्वास रोखून कानांत बोटं घातली आणि वाट बघत बसले, पण बार झालाच नाही. विचारल्यावर वारा उलटा होता म्हणाले. वारा उलटा असता तर डुकरं इतकी जवळ आलीच नसती, एवढं मलाही कळत होतं. पण पिल्लं लहान होती, दया आली असेल, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

"दमान," मामा म्हणाले. "घाई करून पारध होना नाय."

 रातकिड्यांनी सूर धरला होता. तो सूर आधी बाहेर असतो, मग कानात असतो, आणि मग आपणच त्यात असतो. माझी मान एकदा खाली गेली आणि मी दचकून वर केली. मामांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले, पण ते जागे होते. माणूस जागेपणी डोळे मिटतो तेव्हा पापण्या थोड्या हलतात.

"झोपलास मामांनू?"

"नाय. आयकतंय."

"काय?"

त्यांनी घराकडे मान वळवली. मग आपणहूनच बोलायला लागले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्याविषयी.

"तुझ्या सासूक कितीदा सांगलंय मी, माळ्यार आसताना कुकारो घालू नको म्हणान. जेवण झाला काय खळ्यात येवन उभी रवायची आणि घालायची कुकारो. आख्ख्या वाडीक कळायचा, सगुणाचा जेवण झाला."

सासूबाईंचा कुकारा मला माहीत होता. आमच्याकडे शेतातल्या माणसाला नावाने हाक मारत नाहीत, लांब 'कू' करून बोलावतात, आणि दर घराचा कुकारा वेगळा असतो. सासूबाईंचा शेवटी थोडा वर जाऊन तुटायचा, जणू काही त्या मध्येच विसरल्या की कशासाठी बोलावतोय.

"मग तुमी काय करायचास?"

"मी काय करतलंय? माळ्यारसून ओ देवची नाय. बसान रवायचंय. मगे कोण तरी येयत, ठोके मारीत, मग उतरायचंय. घराक गेल्यावर ती तोंड फुगवन. म्हणायची, एवढ्या मोठ्यान बोलयलंय, एकदा ओ दिल्यान तर डुकरां पळतली काय?" मामा थोडंसं हसले. "जन्मभर घातल्यान कुकारो. जन्मभर मी ओ देवक नाय."

 त्यांचा हात बंदुकीवर होता आणि तो हात मला एकदम फार म्हातारा दिसला. माझ्या मनात आलं, यांना उद्यापासून माळ्यावर येऊ द्यायचं नाही. यजमानांना सांगून, लवू परबांना सांगून, काहीही करून. रोज यांना खाली सुखरूप उतरवलं की मी मनातल्या मनात देवाला हात जोडायचे. असं किती दिवस चालणार?

धुकं आता ऐनाच्या बुंध्यापर्यंत आलं होतं. जमीन दिसेनाशी झाली. वरून बघताना वाटत होतं, इथून पाय खाली सोडला तर मऊ काहीतरी लागेल. मला हे असं वाटलं हे मला पक्कं आठवतं, कारण मी लगेच पाय आखडून घेतले होते.

आणि कुकारा आला.

घराच्या बाजूने, धुक्यातून, लांब आणि सावकाश. शेवटी थोडा वर गेला आणि तुटला.

 तो सासूबाईंचा कुकारा होता. त्यांच्यासारखा नव्हे, त्यांचाच. मी त्यांच्या तोंडात शेवटचं पाणी घातलं होतं, तरी त्या क्षणी मला जराही शंका आली नाही. मला वाटलं, जेवण झालं, सासूबाई बोलावतायत, आणि माझेही पाय उठण्यासाठी हलले. मी तेव्हा झोपेत होते की जागी, हे मला आजही सांगता येणार नाही.

मामांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. त्यांनी मांडीवरची बंदूक उचलली आणि बुंध्याला नीट टेकवून ठेवली, नळी आमच्या दोघांपासून लांब. डोक्याचं फडकं सोडलं, झटकलं, पुन्हा बांधलं. घरी जेवायला निघालेला माणूस जसं करतो तसं सगळं सावकाश केलं. मग उठून उभे राहिले आणि त्यांनी घराच्या दिशेने पाऊल टाकलं.

एक पाऊल कळकांवर पडलं. दुसऱ्याला खाली काही नव्हतं.

माळा करकरला. दोराला असा हिसका बसला की ऐनाची पानं आमच्यावर पडली. मामा कडेवरून खाली गेले आणि काखेपर्यंत दिसेनासे झाले, पण दोर आखूड होता आणि गाठ सरकली नाही. मी पालथी पडले, पुढे सरपटले आणि त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला. अर्ध्याहून अधिक मी स्वतः माळ्याबाहेर होते. माझ्या पाठीशी त्यांनी तीनतीनदा ओढून बघितलेली गाठ मला मागे धरून होती.

"मामांनू, कळकांक धरा. धरा कळकांक."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. झोपेतून उठवल्यावर माणूस बघतो तसं. मग खाली बघितलं. मग मात्र त्यांच्या बोटांनी कळक पकडला.

बऱ्याच वेळाने खालून कुणीतरी धावत येताना ऐकू आलं, भातातून सळसळत. मी ओरडले, "कोण ता?"

"वयनी, मी गो. येसू. काय झाला?"

येसू माझी नणंद, मामांची धाकटी मुलगी. तिचं सासर दोन डोंगर पलीकडे. आई गेल्यावर दिवसकार्याला येऊन ती परत गेली होती, आणि आज न सांगता संध्याकाळच्या गाडीने आली होती.

"येसू, शिडी धर. बाबांच्या पायांखाली घे. बाबा लोंबकळतत."

येसूने पदर खोचला. शिडी सोडवली, धुक्यात चाचपत त्यांच्या खाली लावली, दोन पायऱ्या चढली आणि बापाचे पाय हातात घेऊन एकेक करून पायरीवर ठेवले. "ह्यो ठेव. आता ह्यो. आता उभो रव, बाबा." त्यांचा भार शिडीवर आल्यावर मी गाठीला हात घातला. होडीची गाठ ओढ संपली की उलट्या अंगाने दाबायची, मग ती शहाण्यासारखी सुटते. तशी दाबली आणि ती सुटली. मामा पायरी पायरी उतरले. माझी पाठीमागची गाठ मात्र मला काही केल्या सुटेना. शेवटी येसू मामांच्या कमरेचा कोयता घेऊन वर आली, तिने दोर कापला, आणि आम्ही दोघी खाली आलो. बंदूक वरच राहिली.

मामा मेरेवर बसले होते. काखेत आणि कमरेला सोललं होतं, तेवढंच. येसूने पदराने त्यांचं तोंड पुसलं, हातपाय चाचपले, आणि सगळं शाबूत आहे म्हटल्यावर ती भडकली. रडत रडत बोलत होती. या वयात झाडावर चढायची काय गरज होती, भात गेलं असतं तर गेलं असतं, वहिनीला कशाला घेऊन गेलात, तिला काही झालं असतं तर दादाला काय तोंड दाखवलं असतं. मामा ऐकून घेत होते.

ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "कुकारो तू घातलंस?"

"होय. घराक कुलूप होता. धाकूच्या बायलेन सांगल्यान, दोगाय माळ्यार गेली. मगे खळ्यात उभी रवलंय आणि घातलंय. ओ येवक नाय म्हणान धावत इलंय." तिने नाक ओढलं. "माळ्यार कुकारो चलणा नाय ता माका काय ठाऊक? माका कधी कोणी सांगला?"

"आवशीन शिकयल्यान तुका तो?"

"शिकवक कित्याक होयो? रोज आयकलेलो नाय मी?"

मामांनी मान हलवली.  धुकं आमच्या मांड्यांपर्यंत होतं आणि वर चांदणं पडलं होतं. घरी जायला हवं होतं, पण तिघांपैकी कुणीच उठलं नाही.

मग खालच्या अंगाला भात हललं. आधी एक, मग पुष्कळ. फुसफुस, मचमच. परवाचीच मादी असावी, मागे पिल्लांचा घोळका. आम्ही वाऱ्याच्या खाली होतो, आमचा वास त्यांना लागत नव्हता. येसूने माझा हात घट्ट धरला आणि कुजबुजली, "बंदूक खंय?"

"वर."

"मी हाडू? भरलेली आसा मां?"

"भरलेली नाय," मामा म्हणाले.

मला वाटलं, त्यांनी उठण्याआधी काडतूस काढून ठेवलं. तसे ते काळजीचे होते. पण मी कधी बघितलं नव्हतं ते काढताना. "कधी काढलास?" मी विचारलं.

"घालूकच नाय. नवरात्र बसला तेवापासना एक दिस पण घालूक नाय."

मला आधी समजलंच नाही. इतक्या संध्याकाळी मी कानांत बोटं घालून बसले होते. "मग रोज थंय कित्याक बसलास, मामांनू?"

 डुकरं मामांच्या भातात लोळत होती आणि ते त्यांच्याकडे बघतही नव्हते. त्यांची नजर धुक्यावरून घराकडे होती.

"चकवो आपल्या माणसाच्या आवाजात बोलयता," ते म्हणाले. "माका वाटला, एकदा तरी बोलयत. घरात खूप आयकलंय, घरात काय येवक नाय. माळ्यारच ती बोलयी. म्हणान बसायचंय." मग म्हणाले, "आणि बाराचो आवाज इलो तर ती फिरान जायत. म्हणान भरूक नाय."

 मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. रोज सैल करायला लावलेला तो दोर, ते मिटलेले डोळे, 'आयकतंय' म्हणालेले ते, सगळं एकदम माझ्या छातीवर येऊन बसलं आणि मला रडू फुटलं. ज्या गोष्टीपासून त्यांनी जन्मभर गावाला वाचवलं, तिचीच ते इतक्या आशेने वाट बघत बसले होते. आणि मी शेजारी बसून भाताच्या वासाचं सुख घेत होते.

"आज इली असा वाटला," मामा म्हणाले. "तर ती तू होतंस."

त्यात दोष नव्हता, राग नव्हता. नुसतं सांगितल्यासारखं ते बोलले, आणि म्हणूनच ऐकवेना.

येसू उठली. बापाच्या पुढ्यात ओल्या मेरेवर गुडघे टेकून बसली, त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले. आता ती रडत नव्हती. त्या चांदण्यात ती इतकी सासूबाईंसारखी दिसत होती की मी मान वळवली.

"आये येवची नाय, बाबा," ती म्हणाली. "किती झाडार बसलंस तरी येवची नाय. माजा सासरी मन लागना नाय, म्हणान मी इलंय. घराक कुलूप बगलंय, आणि माका भय वाटला. म्हणान तुका बोलयलंय. आये नाय. मी बोलयलंय तुका."

मामा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या हनुवटीपासून सुरू झालं ते हळूहळू खांद्यांपर्यंत आलं. श्रावणापासून न रडलेला माणूस आमच्या दोघींच्या मध्ये बसून आवाज न करता रडत होता, आणि येसू त्यांचे हात सोडत नव्हती.

खालच्या अंगाला डुकरं निवांत भात खात होती. कुणी त्यांना हाकललं नाही.

किती वेळाने कोण जाणे, मामांनी फडक्याने डोळे पुसले, येसूच्या डोक्यावर हात ठेवला, आणि अगदी हळू, घशातल्या घशात, ओ दिली.